एकरंगी हात: होनित्सु आणि चिनित्सुबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी माहजाँग (रीची) नुकतं शिकलेले मराठी खेळाडू एकरंगी हाताबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. चि, पोन, रीची, रोन, त्सुमो आणि दोरा एवढं माहीत आहे असं धरलं आहे. टाइल्स आकड्यांनी लिहिल्या आहेत. रंग सांगितला नसेल तर सगळ्या एकाच रंगाच्या समजा.

१. एकरंगी हात म्हणजे नेमकं काय? होनित्सु आणि चिनित्सु वेगळे आहेत का?

खेळात तीन रंग आहेत: मानझू (चिनी आकडे), पिनझू (गोल) आणि सोझू (बांबू). प्रत्येकात १ ते ९, प्रत्येक टाइल चार वेळा, म्हणजे एका रंगाच्या ३६ टाइल्स. शिवाय चार वारे आणि तीन ड्रॅगन मिळून २८ मानाच्या टाइल्स. एकूण १३६.

पूर्ण हात एकाच रंगाचा, पण सोबत वारे किंवा ड्रॅगन असतील तर होनित्सु. मानाची एकही टाइल नसेल, शंभर टक्के एकच रंग असेल, तर चिनित्सु. दोन्हींचे हान (हाताची किंमत मोजायचं एकक) एकत्र मोजत नाहीत. चिनित्सु झाला की होनित्सुचा विषय संपला.

२. किती हान मिळतात? मेहनतीच्या मानाने परवडतं का?

होनित्सु: बंद हातात ३ हान, उघड्या हातात २. चिनित्सु: बंद ६, उघडा ५. म्हणजे हात उघडल्यावर एकच हान कमी होतो, आणि होनित्सुची खरी ताकद इथेच आहे. रीची, पिन्फू (चारही संच सिक्वेन्स, जोडी हान न देणारी, शेवटचा तुकडा दोन्ही बाजूंनी उघडा), इप्पेको (एकच सिक्वेन्स दोनदा) हे याकु (जिंकायला यातला निदान एक लागतो) हात उघडला की मरतात, हा मरत नाही.

पण नुसता उघडा होनित्सु, २ हान ३० फू (हानसोबत मोजायचे लहान गुण), डीलर नसताना २००० गुणांचा. त्यासाठी अर्धा डाव दोन रंग फेकत बसणं घाट्याचंच. ड्रॅगनची एक तिकडी आली की ३ हान, ३९००. त्यावर एक दोरा मिळाला की ४ हान, ७७००. इथून पुढे खेळाला अर्थ येतो. उघडा चिनित्सु म्हणजे ५ हान, थेट मानगान, ८०००. बंद चिनित्सु हानेमान, १२०००. डीलर असाल तर या सगळ्याच्या साधारण दीडपट.

म्हणून होनित्सुकडे वळण्याआधी बघा: सोबत याकुहाई (ड्रॅगनची, तुमच्या किंवा फेरीच्या वाऱ्याची तिकडी) किंवा दोरा आहे का? दोन्ही नसतील तर मी तरी सहसा वळत नाही.

३. सुरुवातीच्या १३ टाइल्स बघून कसं ठरवायचं?

आधी प्रमाण डोक्यात ठेवा. एखादा ठरावीक रंग धरला तर १३ पैकी सरासरी साडेतीन टाइल्स त्या रंगाच्या येतात. मानाच्या टाइल्स धरून सहा. नऊ किंवा जास्त असतील तर नशिबाने काहीतरी दिलंय. सात-आठ असतील तर त्यात जोड्या किती आहेत ते बघा.

हा हात घ्या: पिन १ ३ ४ ४ ६ ७ ९, पूर्व पूर्व, हिरवा हिरवा, मान २, सो ८. दोनच टाइल्स परक्या, त्याही कामाच्या नाहीत. दोन मानाच्या जोड्या आहेत. हिरव्याची तिकडी केव्हाही याकु देते, पूर्वेची तुमचा किंवा फेरीचा वारा असेल तर. हा होनित्सु डोळे झाकून खेळावा.

आता हा: पिन २ ४ ५ ५ ७ ८, मान ३ ४ ५, सो ६ ७ ७, उत्तर. पिन सहा दिसतात म्हणून लोक हुरळतात आणि मान ३४५ चा तयार सिक्वेन्स मोडतात. मोडू नका. हा सरळ रीचीचा हात आहे.

नियम नाही, पण अंदाज असा: परक्या टाइल्स बऱ्या आकाराच्या असतील (तयार सिक्वेन्स, ४५, ६७ असं काही) तर रंगाच्या मागे लागू नये. त्या नाहीतरी भंगार असतील तर रंगाकडे जाण्यात गमावण्यासारखं काही नसतं. वाईट हात वाचवण्याचा मार्ग म्हणून होनित्सु जितका उपयोगी, तितका चांगला हात सजवायला नाही.

४. मग पहिल्यापासून चिनित्सुच का धरू नये? हान दुप्पट आहेत की.

हिशोब करून बघा. भिंतीतल्या १४ टाइल्स राखीव, ५२ सुरुवातीला वाटलेल्या, उरल्या ७०. म्हणजे पूर्ण डाव चालला तरी तुमच्या वाट्याला १७-१८ उचल. तुमच्या रंगाच्या टाइल्स १३६ पैकी ३६, म्हणजे साधारण चारात एक. अख्ख्या डावात तुम्ही स्वतः तुमच्या रंगाच्या चार-पाच टाइल्स उचलणार, आणि त्या सगळ्याच जुळतील असंही नाही. होनित्सुला चालणाऱ्या टाइल्स मात्र ६४ आहेत, जवळजवळ निम्म्या.

म्हणून चिनित्सु ठरवून करायचा नसतो, होनित्सु खेळता खेळता तो होतो. हातात रंगाच्या दहा टाइल्स जमल्या, मानाच्या सुट्याच राहिल्या, आणि डाव अजून अर्धा बाकी आहे, तर त्या सुट्या मानाच्या टाइल्स सोडायला लागा. पहिल्याच वाटपात दहा-अकरा एका रंगाच्या आल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोणालाच विचारायची गरज नाही.

५. पोन आणि चि घेत सुटू, की हात बंद ठेवू?

याकुहाईची जोडी असेल आणि कोणी ती टाकली, तर बहुतेक वेळा पोन करा. मानाच्या टाइल्स लोक सुरुवातीलाच टाकतात. तिसरी दिसली आणि तुम्ही सोडलीत, तर चौथी येईलच असं नाही.

चि मध्ये घाई नको. आधी वाईट जागा भरा: ४ ६ मधला ५, १ २ चा ३. ४५ सारखा दोन्ही बाजूंनी उघडा तुकडा स्वतःही भरतो, त्याला थांबवा. चि फक्त डावीकडच्या खेळाडूने टाकलेल्या टाइलवर मिळते, आणि तुमचा रंग कळला की तोच आधी सावध होतो. त्यामुळे डावीकडचा मोकळेपणाने टाकतोय तोवरच वाईट जागा भरून घ्यायच्या. पोन कोणाकडूनही घेता येतो, रोनही. टेनपाईला (हात पूर्ण व्हायला एकच टाइल बाकी) पोहोचल्यावर डावीकडच्याची अडवणूक तितकीशी नडत नाही.

हात बंद कधी ठेवावा? एक, रंगाच्या टाइल्स इतक्या लवकर जमताहेत की कोणाच्या मदतीची गरजच नाही. दोन, पाच-सहा जोड्या आहेत आणि चीतोइ (सात जोड्यांचा हात) दिसतोय (प्रश्न १२). तीन, तुम्ही पुढे आहात आणि डाव सोडून देण्याची वेळ येऊ शकते. तीन वेळा उघडलेल्या हातात चारच टाइल्स उरतात आणि कोणी रीची केली की त्यातली सुरक्षित एकही नसते.

६. माझा वारा नसलेल्या वाऱ्याची तिकडी होनित्सुत चालते का?

चालते. तिला स्वतःचा हान नाही, पण होनित्सु मोडत नाही, आणि होनित्सु हा स्वतःच याकु असल्याने जिंकायलाही अडचण नाही. सुरक्षित टाइल म्हणूनही असे वारे हातात बरे. फक्त प्रश्न २ मधलं गणित विसरू नका. पाहुण्या वाऱ्याचा पोन घेऊन उघडा २ हानचा हात करणं हा नवख्यांचा आवडता छंद आहे.

७. बाकी सगळं पिन आहे, फक्त जोडी सो ची. थोडे तरी हान मिळतील?

नाही. शून्य. चौदाच्या चौदा टाइल्स लागतात, आणि उघडलेले संचही त्यात धरतात. शिवाय हात उघडा असेल आणि दुसरा याकु नसेल तर तुम्ही जिंकूच शकत नाही. लाल पाच मात्र ज्या रंगाचा आहे त्याच रंगाचा मोजतात. पिनचा लाल पाच पिनच्या चिनित्सुत चालतो आणि वर एक हान देतो.

८. मी काय करतोय हे सगळ्यांना लगेच कळतं. लपवायचं कसं?

पूर्ण लपत नाही. पहिल्या सहा टाकलेल्या टाइल्समध्ये दोन रंगांच्या मधल्या टाइल्स, ४ ५ ६, पडल्या आणि मानाची एकही पडली नाही, तर बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. मग तुमच्या रंगाची पहिली टाइल तुमच्या हातातून सुटली की टेबल थबकतं. रंग भरून सांडायला लागला, म्हणजे टेनपाई झाली किंवा जवळ आली, असा त्याचा अर्थ लावतात.

तरी थोडं करता येतं. कामाचा नसलेला एखादा वारा सुरुवातीलाच टाका. परक्या रंगांतल्या कडेच्या टाइल्स आधी, मधल्या नंतर, जेणेकरून पहिली ओळ साध्या हातासारखी दिसेल. आणि रंगातली जी टाइल नक्की नको आहे ती शेवटपर्यंत राखू नका; पाचव्या पाळीला टाकलेला ९ कोणाच्या नजरेत भरत नाही, बाराव्या पाळीचा भरतो. (यात फुरितेनचा धोका आहे, प्रश्न १० बघा.)

कळलं म्हणून नुकसानच होतं असंही नाही. समोरचे तुमच्या रंगाच्या टाइल्स धरून बसले की त्यांचे स्वतःचे हात अडकतात. तीन जणांना थांबवणारा स्वस्त होनित्सुसुद्धा कधी कधी कामाचा ठरतो.

९. १३ टाइल्स एकाच रंगाच्या झाल्या की मला कळतच नाही मी कशावर सुटतोय (कुठल्या टाइलने हात पूर्ण होतो). काही पद्धत आहे का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि थोडा वेळ देण्यासारखा.

आधी छोटे तुकडे पाठ करा. ३४५६ सुटतो ३ आणि ६ वर. ३३३५ सुटतो ४ आणि ५ वर. ३३३४ सुटतो २, ४ आणि ५ वर. शेवटचा नीट समजून घ्या: ३३३ ही तिकडी धरली तर ४ एकटा, त्याला जोडी हवी. पण ३३ ही जोडी धरली तर ३४ उरतो, त्याला २ किंवा ५ चालतो. एकाच तिकडीकडे दोनदा बघायचं, एकदा तिकडी म्हणून आणि एकदा जोडी अधिक सुटी टाइल म्हणून. निम्मी विद्या हीच.

आता सात टाइल्स: २२२३४५६. तिकडी धरा, उरले ३४५६, म्हणजे ३ आणि ६. जोडी धरा, उरले २३४५६, म्हणजे १, ४ आणि ७. एकूण १, ३, ४, ६, ७. दोन्ही टोकांना तिकडी असेल, जसं ३३३४५५५, तर दोन्ही तिकड्यांवर हाच खेळ करा: २, ३, ४, ५, ६ पाचही चालतात.

पूर्ण हातावर करून बघू: १ २ ३ ४ ४ ५ ५ ६ ६ ७ ७ ७ ८.

बहुतेकांना दिसतं ते असं: १२३, ४५६, ४५६ आणि उरला ७७७८. म्हणजे ६, ८, ९. बरोबर आहे, पण अपुरं. ७७ ही जोडी धरा, १२३ आणि एकच ४५६ बाजूला काढा. उरतात ४५६७८, आणि हा तुकडा ३, ६, ९ वर सुटतो. तो ३ हमखास निसटतो. तपासा: १२३, ३४५, ४५६, ६७८, ७७. चोख.

आणखी गंमत म्हणजे हात बंद असताना प्रत्येक टाइलची किंमत वेगळी. रीची न करता रोन केला तर ३ वर चिनित्सु आणि पिन्फू, ७ हान. ८ वर चिनित्सु आणि इप्पेको, तेही ७. ६ वर पिन्फू आणि इप्पेको दोन्ही, ८ हान, म्हणजे बाइमान. ९ वर इत्त्सुही जमतो (१२३ ४५६ ७८९) आणि आकडा १० ला जातो.

सवयीसाठी एक सूचना: अशा हातात सुटे तुकडे आधी काढायची घाई करू नका. जोडी कुठली, हे आधी ठरवा. प्रत्येक शक्य जोडी एकेकदा काढून उरलेलं वाचा. रमीत पत्ते एकदा लावले की परत हलवायचे नाहीत अशी सवय असते ना, ती इथे आड येते.

आणि ॲप टाइल्स दाखवतंच की! मग डोकं का शिणवायचं?

माहजाँग सोल टेनपाई झाल्यावर कशावर सुटता ते दाखवतं, हे खरं. पण टेनपाईच्या दोन पावलं आधी कुठली टाइल ठेवायची, हे ते सांगत नाही, आणि चिनित्सु तिथेच जिंकला किंवा हरला जातो. खऱ्या टाइल्सवर बसलात तर कोणीच दाखवणार नाही.

१०. माझा चिनित्सु पाच टाइल्सवर सुटत होता, समोरच्याने त्यातली एक टाकली, पण रोनचं बटणच आलं नाही. का?

फुरितेन. ज्या टाइल्सवर तुम्ही सुटता त्यातली एकही तुम्ही स्वतः आधी टाकली असेल, तर त्या कुठल्याच टाइलवर रोन करता येत नाही. तुम्ही टाकलेली टाइल कोणी पोन किंवा चि करून उचलून नेली असली तरी ती तुमचीच धरतात. त्सुमोने मात्र जिंकता येतं.

एकरंगी हातात हे फार घडतं, कारण तुम्ही जितक्या जास्त टाइल्सवर सुटता तितकी त्यातली एखादी आधी टाकलेली असण्याची शक्यता जास्त. प्रश्न ९ मधल्याच हातात सुरुवातीला ९ टाकला असेल तर ३, ६, ८ वरही रोन बंद. अशा वेळी टेनपाईचा आकार बदलता येतो का बघा. कधी कधी पाच टाइल्सवरचं फुरितेन सोडून दोन टाइल्सवर साधं थांबणं बरं. भिंत बरीच उरली असेल तर उलटं.

दुसरा प्रकार: तुमची टाइल पडली, तुम्हाला दिसली नाही, तुम्ही सोडली. मग तुमची पुढची पाळी येईपर्यंत तात्पुरतं फुरितेन. रीची केलेली असेल तर डाव संपेपर्यंत.

११. बंद चिनित्सुची टेनपाई झाली. रीची करू?

सहसा नको. बंद चिनित्सु ६ हान, आधीच हानेमान. रीचीने ७ होतात, तोही हानेमानच. ८ ला न्यायला त्सुमो, लपलेला दोरा किंवा इप्पात्सु (रीचीनंतरच्या पहिल्याच फेरीत जिंकणं) लागतो. त्या बदल्यात तुम्ही हात गोठवता आणि सगळ्यांना सावध करता. न सांगता बसलात तर जास्त चांगल्या आकाराकडे हात वळवताही येतो.

लाल पाच किंवा इतर याकु धरून आधीच ७ असतील तर रीचीचा एक हान बाइमानला नेतो, तेव्हा विचार करा. खऱ्या टाइल्सवर खेळताना आणखी एक कारण: आपण कशावर सुटतोय याची खात्री नसताना रीची केली आणि डाव अनिर्णित राहिल्यावर हात टेनपाई नाही असं निघालं, तर चोम्बोचा दंड.

रीचीनंतर चौथी टाइल उचलली तर बंद कान (चार सारख्या टाइल्सचा संच) फक्त तेव्हाच करता येतो, जेव्हा त्याने सुटण्याच्या टाइल्स बदलत नाहीत. ३३३४ वर थांबलात आणि ३ उचलला, तर कान केल्यावर फक्त ४ उरतो, २ आणि ५ जातात. म्हणून कान नाही.

१२. सोबत कुठले याकु जुळतात?

तोइतोइ (चारही संच तिकड्या, २ हान) होनित्सुचा सख्खा जोडीदार: उघडा होनित्सु, तोइतोइ आणि एक याकुहाई म्हणजे ५ हान, मानगान. चीतोइ बंद होनित्सुबरोबर ५ हान, चिनित्सुबरोबर ८. इत्त्सु बंद २, उघडा १. इप्पेको आणि त्याचाच दुहेरी प्रकार र्‍यानपेको फक्त बंद हातात, आणि र्‍यानपेको धरला की चीतोइ धरत नाहीत.

सगळ्याच मानाच्या टाइल्स झाल्या तर तो होनित्सु नाही, त्सुइसो, याकुमान (सर्वात मोठ्या किमतीचा हात). सो २ ३ ४ ६ ८ आणि हिरवा ड्रॅगन एवढ्याच टाइल्स वापरल्या तर र्‍युइसो, तोही याकुमान. आणि चिनित्सुचा राजा चुरेन पोतो: १११२३४५६७८९९९ आणि त्याच रंगाची कुठलीही एक, हात बंदच हवा. तेरा टाइल्स नेमक्या अशा असताना नऊच्या नऊ टाइल्सवर सुटता येतं. काही नियमांत त्याला दुहेरी याकुमान मोजतात. याच्या मागे लागू नका. आला तर ओळखता यावा म्हणून सांगितला.

१३. समोरचा एकरंगी करतोय असं वाटतंय. मी काय टाकू?

इतर दोन रंग मोकळेपणाने टाका, त्याच्या उघडलेल्या संचांवरून आणि टाकलेल्या टाइल्सवरून रंगाची खात्री झाली असेल तर. त्याच्या रंगाच्या टाइल्स आणि अजून न दिसलेले ड्रॅगन हातात धरा. तुम्ही त्याच्या डावीकडे बसला असाल तर तुमची जबाबदारी मोठी, कारण चि तुमच्याकडूनच मिळणार. मात्र एक-दोन संच उघडे दिसले म्हणून पाचव्या पाळीलाच स्वतःचा चांगला हात मोडू नका. त्याच्या रंगाची टाइल त्याच्याच हातातून पडायला लागली की मग दार लावा (प्रश्न ८).

१४. तीन जणांच्या खेळात हे सोपं असतं का?

हो, बरंच. तीन जणांच्या खेळात मानझूचे २ ते ८ काढून टाकतात, एकूण टाइल्स उरतात १०८, आणि त्यात पिन ३६, सो ३६. म्हणजे चारात एक ऐवजी तीनात एक. चि नसते, त्यामुळे सिक्वेन्स स्वतःच भरावे लागतात, तरी चिनित्सु तिथे रोजचा पाहुणा आहे. प्रश्न ९ चा सराव तिथे करा, चार जणांच्या खेळात महिन्याभरात मिळतो तेवढा दोन दिवसांत मिळेल. मानझूचा एकरंगी मात्र तिथे विसरा: १ आणि ९ शिवाय काही नाही.

१५. माझ्याकडे ४५६ तयार होता, डावीकडच्याने ७ टाकला, ५६ ने चि घेतली आणि ४ टाकायला गेलो तर ॲप टाकू देईना. बिघाड आहे का?

नाही, कुइकाएची बंदी. चि घेऊन लगेच तीच टाइल, किंवा त्याच सिक्वेन्सच्या दुसऱ्या टोकाला बसली असती ती टाइल, टाकता येत नाही. ५६ ने ७ घेतलात तर त्या पाळीत ७ ही नाही आणि ४ ही नाही. पुढच्या पाळीपासून काही बंधन नाही. एकरंगी हातातच हे जास्त जाणवतं, कारण हातात उरलेल्या सगळ्या टाइल्स एकमेकींच्या शेजारच्या असतात. टाकता येण्याजोगी एकही टाइल उरत नसेल तर चिचं बटणच येत नाही.

१६. चारही ३ माझ्याच हातात आहेत आणि मी फक्त ३ वरच सुटतोय. ही टेनपाई धरतात?

पाचवा ३ जगात नाही, त्यामुळे बऱ्याच नियमांत धरत नाहीत आणि डाव अनिर्णित राहिला तर टेनपाईचे गुणही मिळत नाहीत. त्याच चार टाइल्स टेबलावर इतरत्र पडून संपल्या असतील तर मात्र सहसा धरतात. टेबल मांडण्याआधी विचारून घ्या. आणि हातात चारही ३ असतील तर प्रश्न ९ च्या पद्धतीने पुन्हा एकदा वाचा. तीन तिकडीत आणि चौथा सिक्वेन्समध्ये घातला की बहुतेक वेळा दुसरी एखादी टाइल निघते.